ठेंगणा गोलंदाज टिकतो का?



शाळेत कवायतीसाठी मुलांना उंचीप्रमाणे उभे करण्याची पद्धत जुनी आहे. उंच मुलगा एका टोकाला, ठेंगणा दुसऱ्या टोकाला. कवायतीपुरते ते ठीकच. पण कवायत संपून क्रिकेटचा डाव मांडला, तरी तीच रांग मास्तरांच्या डोळ्यांपुढे राहते. नवा चेंडू जातो उंच मुलाच्या हाती, आणि ठेंगण्याला सांगतात, "तू जा रे लांब, सीमेवर उभा राहा." डहाणूला असो, तलासरीला असो, की मुंबईच्या आझाद मैदानावर असो, रीत बहुधा हीच. ती अगदीच बिनबुडाची आहे असे मी म्हणत नाही. तिच्यामागे काही हिशेब आहे. तो आधी समजून घेऊ, आणि मग इतिहासाला विचारू, की ठेंगण्या बांध्याचा जलद गोलंदाज खरोखर टिकतो का? एखाद्या दिवशी चमकून जाणे निराळे. आपला प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे नवा चेंडू हातात घेऊन डावाची सुरुवात करणाऱ्याचा.

हिशेब असा. शेताच्या बांधावर उभे राहून चेंडू जमिनीवर आपटा. मग बांधाखाली उतरून तितक्याच जोराने, तितक्याच अंतरावर आपटा. बांधावरून टाकलेला चेंडू अधिक उभा पडतो आणि अधिक उंच उसळतो. उंच गोलंदाजाला हा बांध देवाने जन्मतःच दिलेला असतो. सहा फूट चार इंचांच्या माणसाच्या हातून चेंडू सुटतो, तो पाच फूट चार इंचांच्या माणसापेक्षा फुटा-सव्वाफुटाने वरून. खेळपट्टी दोघांना बावीस यार्डांचीच. त्यामुळे चांगल्या टप्प्याचा चेंडू उंच माणसाने टाकला तर फलंदाजाच्या बरगडीकडे येतो, ठेंगण्याने टाकला तर मांडीशी. शिवाय ठेंगण्याचे पाऊल लहान, हात आखूड. तेवढाच वेग काढायचा तर त्याला धावण्यातून आणि खांद्यातून अधिक जोर लावावा लागतो. म्हणून जाणकार सांगत आले, की हा गडी दोन वर्षे पळेल, पुढे त्याचा खांदा तरी जाईल नाही तर गुडघा तरी.

फिरकी गोलंदाजांची गोष्ट वेगळी, ती येथे घेत नाही. मुंबईचे सुभाष गुप्ते काही धिप्पाड नव्हते, पण त्यांनी ३६ कसोटींत १४९ बळी घेतले, आणि त्यांची उंची मोजायला कोणी गेले नाही. फिरकीत बोटे आणि मनगट बोलते. अडचण आहे ती वेगाची.

आता माणूस पाहू. रमाकांत देसाई यांचा जन्म मुंबईचा, २० जून १९३९ चा. उंची पाच फूट चार इंच, अंग सडपातळ. सोबतचे खेळाडू त्यांना 'टायनी' म्हणत, म्हणजे चिमुकला. आणि काम कोणते? भारताचा नवा चेंडू टाकण्याचे! १९५८-५९ च्या हंगामात ते मुंबईकडून पहिल्यांदाच रणजी करंडकात खेळले आणि त्यांनी ५० बळी घेतले, तेही बळीमागे अवघ्या अकरा धावांच्या सरासरीने. पहिल्याच हंगामात पन्नास बळी ही कोणत्याही उंचीच्या माणसाला थोर वाटावी अशी गोष्ट आहे.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट ही त्यांची जोडगोळी आपल्या फलंदाजांना सळो की पळो करीत होती. भारताने त्या एका मालिकेत चार कर्णधार बदलले, यावरून घरातली स्थिती काय होती ते ओळखा. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीच्या पाचव्या कसोटीत, कर्नल हेमू अधिकारी यांच्या नेतृत्वाखाली, देसाईंना प्रथम भारतातर्फे उतरवण्यात आले. वय एकोणीस. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावा काढून डाव सोडला. त्या डावात या पोराने ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले.

जरा थांबा, हा आकडा पुन्हा वाचा. एकोणचाळीस नव्हे, एकोणपन्नास षटके. जवळजवळ तीनशे चेंडू, एकाच डावात, दिल्लीच्या निर्जीव खेळपट्टीवर, पहिल्याच कसोटीत, एकोणीस वर्षांच्या जलद गोलंदाजाने. त्या वेळी लोकांनी कौतुक केले ते त्याच्या हिमतीचे. आज हा आकडा वाचताना मला हिमतीइतकीच काळजी वाटते. का, ते पुढे येईलच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. तो दौरा आपल्या दृष्टीने वाईटच झाला, पाचही कसोटी हरलो. पण लॉर्ड्सला देसाईंनी ८९ धावांत ५ बळी घेतले. सामना १८ जूनला सुरू झाला होता, म्हणजे विसावा वाढदिवस तेथेच, मैदानावरच उगवला म्हणायचा. ढगाळ हवा आणि हिरवट खेळपट्टी मिळाली की ठेंगणेपणा आड येत नाही, हे तेथे दिसले.

पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, पाकिस्तानचा संघ आला. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. दोन्ही बाजू हार टाळण्यासाठी खेळत होत्या. असल्या कंटाळवाण्या मालिकेत देसाईंनी २१ बळी घेतले. पाकिस्तानचा आधारस्तंभ हनीफ महंमद. त्यालाच त्यांनी मालिकेत चार वेळा बाद केले. हनीफही बुटकाच होता, हे गमतीने सांगून ठेवतो. देसाईंचे मोठे हत्यार म्हणजे आखूड टप्प्याचा चेंडू. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर सांगितलेत की ठेंगण्याचा चेंडू उसळत नाही! बरोबर आहे. पण न उसळणे हेही हत्यार होऊ शकते. उंच गोलंदाजाचा आखूड चेंडू डोक्यावरून निघून जातो, फलंदाज मान खाली घालून त्याला सोडून देतो. ठेंगण्याचा तोच चेंडू सरपटल्यासारखा, खांद्याच्या आणि गळ्याच्या उंचीने अंगावर येतो. खाली वाकावे तर तोंडावर, उभे राहावे तर हातावर. हिशेबाची ही दुसरी बाजू मास्तरांच्या रांगेत दिसत नाही.

याच मालिकेतील मुंबईच्या कसोटीत देसाई दहाव्या क्रमांकावर खेळायला आले आणि त्यांनी ८५ धावा काढल्या. यष्टिरक्षक नाना जोशी यांच्याबरोबर त्यांनी नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागी केली. गोलंदाजीशी याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मार्च १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर त्यांनी ५६ धावांत ६ बळी घेतले. ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. आजच्या हिशेबाने जलद गोलंदाज पंचविशीत कोठे भरात येऊ लागतो. देसाईंची मात्र उतरण लागली होती. १९६८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला भारत कसोटी खेळत होता. डिक मॉट्झच्या चेंडूने देसाईंचा जबडा मोडला. तरी गडी मैदान सोडून गेला नाही. बिशनसिंग बेदींना साथीला घेऊन शेवटच्या गड्यासाठी ५७ धावा जोडल्या आणि स्वतः ३२ धावांवर नाबाद राहिला. भारताने तो सामना जिंकला, आणि परदेशात भारताने जिंकलेली ती पहिलीच कसोटी. देसाईंची कसोटी कारकीर्द मात्र तेथेच आटोपली. वय अठ्ठावीस. २८ कसोटी, ७४ बळी, सरासरी ३७ च्या वर.

आता निकाल द्यायचा कसा? एक पक्ष म्हणेल, "पाहा, आम्ही सांगत नव्हतो? तिशीच्या आत संपला. अंगच नव्हते." दुसरा पक्ष "मूर्ती लहान पण कीर्ती महान" ही म्हण टाकून टाळ्या घेईल. मला दोन्ही पक्ष उथळ वाटतात. त्या म्हणीने माणसाचे कौतुक होते, पण त्याच्या खांद्याची चौकशी होत नाही.

देसाईंच्या वेळी भारताची जलद गोलंदाजी म्हणजे एका माणसाचा कारखाना. खेळपट्ट्या फिरकीसाठी केलेल्या, कोरड्या आणि मंद. दुसऱ्या टोकाला तोडीचा जोडीदार बहुधा नसेच. नव्या चेंडूची चकाकी घालवायची आणि तो फिरकीवाल्यांच्या हाती द्यायचा, एवढाच जलद गोलंदाजाचा उपयोग मानला जाई. याचे टोक १९६७ साली इंग्लंडात एजबॅस्टनला दिसले. त्या कसोटीत बुधी कुंदरन या खेळाडूने नवा चेंडू टाकला. हे कुंदरन कोण? एरवी यष्टिरक्षक! ज्या घरात अशी ओढाताण, तेथे एकुलत्या एका बैलाला दोन नांगरांचे काम पडते. देसाईंनी २८ कसोटींत साडेपाच हजारांवर चेंडू टाकले, म्हणजे दर कसोटीला सुमारे दोनशे. त्याखेरीज मुंबईसाठी रणजी, विभागासाठी इतर सामने. मुंबईकडून ते १९५८-५९ पासून १९६८-६९ पर्यंत खेळले आणि त्या अकराही हंगामांत रणजी करंडक मुंबईकडेच राहिला. एकूण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये साडेचारशेहून अधिक बळी. पाच फूट चार इंचांच्या माणसाने अकरा वर्षे हा गाडा ओढला. याला 'टिकला नाही' कसे म्हणावे?

पण नुसते चेंडू मोजूनही भागत नाही. वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल घ्या. उंची पाच फूट दहा-अकरा इंच. आपल्याकडे त्याला उंच म्हणतील, पण त्याच्या संघात तो ठेंगण्यात जमा. जोएल गार्नर सहा फूट आठ इंचांचा होता! मार्शलने ८१ कसोटींत ३७६ बळी घेतले, बळीमागे एकवीस धावाही पडू दिल्या नाहीत. त्यानेही दर कसोटीला दोनशेच्या वर चेंडू टाकले, देसाईंपेक्षा कमी नव्हेत. मग तो तेरा वर्षे कसा टिकला? त्याच्या बरोबर होल्डिंग होता, गार्नर होता, पुढे अँब्रोस आला. फलंदाजाला कोणत्याच टोकाला उसंत नसे, म्हणून डाव लवकर संपे आणि गोलंदाजाला पाय पसरायला मिळत. एका डावात ४९ षटके टाकण्याची पाळी कोणावर सहसा येत नसे. ओझे तेवढेच, पण वाहायला चार खांदे असले तर मणक्याला कळते. त्याच वेस्ट इंडीजचा केमार रोच हा आणखी ठेंगणा, पाच फूट आठ इंचांच्या आसपास. त्याने २००९ मध्ये कसोटीत पदार्पण केले आणि दीड दशकात अडीचशेहून अधिक बळी जमवले.

जाता जाता एक नजर अमेरिकेकडे टाकू. हाच वाद तेथे बेसबॉलमध्ये फार दिवस चालला आहे. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो साठ फूट सहा इंचांवरून, टप्पा न देता, सरळ फलंदाजाकडे फेकतो. आणि गंमत अशी, की त्याला उभे राहायला मातीचा दहा इंचांचा उंचवटा करून देतात. आपल्या शेताचा बांधच म्हणा! डावाची सुरुवात करून पुष्कळ वेळ फेकत राहणारा पिचर उंचच हवा, असा तिकडे दंडक. बॉबी शँट्झ हा पाच फूट सहा इंचांचा पिचर. त्याने १९५२ साली २४ सामने जिंकून दिले आणि आपल्या लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. त्याच हंगामाच्या शेवटी फलंदाजी करताना चेंडू लागून त्याचे मनगट मोडले, पुढच्या वर्षी खांदा दुखावला. त्याचे काम पुढे हळूहळू राखीव फेकणाऱ्याचे झाले, तरी १९६४ पर्यंत तो खेळत राहिला. पेद्रो मार्टिनेझ पाच फूट अकरा इंचांचा. हा किरकोळ अंगाचा पोरगा सुरुवातीच्या पिचरचा भार सोसणार नाही, असे मानून लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाने त्याला १९९३ साली दुसऱ्या संघाला देऊन टाकले. त्याने पुढे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा मिळवला आणि कारकिर्दीत २१९ विजय मिळवले. त्याच्या खांद्याने पुढे त्रास दिला, हेही खरे. डॉजर्सची भीती अगदीच खोटी नव्हती, पण तिची किंमत त्यांनी फार मोठी मोजली.

लांबचे झाले, आता घरचे. आपल्या पालघर जिल्ह्यातील माहीम गावचा शार्दूल ठाकूर. हे माहीम केळव्याजवळचे, मुंबईतले नव्हे. जन्म १६ ऑक्टोबर १९९१, उंची पाच फूट नऊ इंचांच्या आसपास. जलद गोलंदाजांच्या पंगतीत आखूडच. तुम्हाला पश्चिम रेल्वेची गाडी ठाऊक आहे. डहाणू रोड चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. आज डहाणूपर्यंत लोकल येते, पण ती २०१३ साली सुरू झाली. शार्दूल लहान होता तेव्हा पहाटेची गाडी धरून, क्रिकेटची भलीमोठी पिशवी सांभाळीत मुंबईला जायचे आणि रात्री परतायचे, असा क्रम. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या घरी राहायला ठेवून घेतले. म्हणजे त्याच्या आड उंचीपेक्षा अधिक आले ते अंतर, आणि त्यावर उपाय कोणी केला तर एका शिक्षकाने.

२०१४-१५ च्या रणजी हंगामात त्याने मुंबईसाठी ४८ बळी घेतले. २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी मिळाली, आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर पडावे लागले. पुढची कसोटी जानेवारी २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारताचे प्रमुख गोलंदाज जायबंदी झालेले. शार्दूलने सामन्यात सात बळी घेतले आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तोपर्यंत कोणाही भारतीयाने एका डावात इतकी चांगली गोलंदाजी केली नव्हती. मात्र खरे ते सांगितले पाहिजे. कसोटीत नवा चेंडू शार्दूलकडे क्वचितच आला. तो बहुधा तिसरा-चौथा जलद गोलंदाज. बुमराह, शमी, सिराज यांनी वाटेचा भार उचलला, म्हणून त्याला ताज्या दमाने येऊन फटका मारता आला. देसाईंना जे मिळाले नाही ते त्याला मिळाले.

आता एक नाजूक गोष्ट. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची पोरे चिवट असतात. डोंगर चढणारी, ओझे वाहणारी, तारपा वाजू लागला की रात्र सरेपर्यंत नाचणारी. दम त्यांच्यात आहेच. पण त्यांच्यातल्या काहींचे ठेंगणेपण जन्माचे नसते, ते पोटाचे असते. दोन वर्षांच्या आत पुरेसे अन्न मिळाले नाही, तर पोराची वाढ खुंटते. शेजारच्या जव्हार भागात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, ते महाराष्ट्राने पाहिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा अक्षरांआधी मुलांच्या आंघोळीकडे आणि खाण्याकडे पाहिले, ते उगाच नव्हे. आईबापांकडून आलेली लहान चण आणि उपासमारीने खुंटलेली वाढ, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मुलाला नवा चेंडू द्या. दुसऱ्याला आधी दवाखान्यात न्या, त्याचे वजन करा, दुपारच्या जेवणात त्याला डाळ आणि अंडे मिळते की नाही ते पाहा. 'देसाई नाही का बुटका होता!' असे म्हणून उपाशी पोराकडून दहा षटके टाकून घेणे हा अन्याय होईल.

देसाई पुढे १९९६-९७ च्या सुमारास भारताच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. ज्याला पाहून लोक आधी उंची मोजत, तोच आता इतरांना निवडणार होता! एप्रिल १९९८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

गुरुजी, तुमच्याकडे सामन्याची वही असेलच. धावा आणि बळी तुम्ही लिहिता. तिच्यात आणखी एक रकाना आखा आणि कोणत्या मुलाने आज किती चेंडू टाकले तो आकडा लिहा. सरावाचे चेंडू आणि पाड्यावरच्या टेनिस चेंडूच्या सामन्यातलेही मुलाला विचारून त्यात मिळवा. तेरा-चौदा वर्षांच्या जलद गोलंदाजाला एका वेळी चार-पाच षटकांवर ठेवू नका, लागोपाठ तीन दिवस टाकायला लावू नका. दुसऱ्या टोकाला त्याला जोडीदार तयार करून द्या. आणि पहिल्या तासाला चेंडू वाटताना मुलांना एकदा तरी उंचीच्या रांगेत न लावता, प्रत्येकाच्या हातात सहा-सहा चेंडू देऊन पाहा. कोणाचा चेंडू यष्टीवर लागतो आणि कोणाच्या सहाव्या चेंडूला पहिल्याइतकाच जोर असतो, तेवढे त्या नव्या रकान्याशेजारी टिपून ठेवा.